हिंगुळाचा लाल

पोळ्याला बैल धुऊन आणले की आधी शिंगं साळायची, मग त्यांना हिंगूळ लावायचा, वर बेगड चिकटवायची. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडपासून थेट बालाघाटाच्या कुशीतल्या वाड्यांपर्यंत ही रीत आहे. कुणाची शिंगं लालभडक, कुणाची निळी, कुणाची हिरवी. पांढऱ्याशुभ्र अंगावर गेरूचे ठसे. शिंग निळं कसं, असं कुणी विचारत नाही. सणाच्या दिवशी बैलाला त्याचा रोजचा रंग पुरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पॅरिसच्या जाणकारांना मात्र हे पचायला जड गेलं. १९०५ च्या शरदात तिथल्या 'सालों दोतोन' या प्रदर्शनात आंरी मातीसनं स्वतःच्या बायकोचं चित्र लावलं. नाव साधं, 'टोपी घातलेली स्त्री'. पण चेहऱ्याला त्वचेचा रंगच नव्हता! कपाळावर, नाकावर हिरवे फटकारे, बाजूला पिवळा, जांभळा, गुलाबी. शेजारी आंद्रे दरँ आणि मोरीस व्लामँक यांची तशीच पेटलेली चित्रं. त्याच दालनात जुन्या वळणाचा एक पुतळाही होता. समीक्षक लुई व्होसेलनं लिहिलं, की हा तर 'फोव्ह'मध्ये, म्हणजे जंगली श्वापदांत सापडलेला शिल्पकार दोनातेल्लो. हिणवण्यासाठी वापरलेला शब्दच पुढे या चित्रकारांच्या चळवळीचं नाव झाला. लोक हसत होते, पण मातीसचं ते चित्र अमेरिकी स्टाइन भावंडांनी विकत घेतलं.

हे रंग लहरीपणानं फासलेले नव्हते. त्याच उन्हाळ्यात मातीस आणि दरँ दक्षिण फ्रान्समधल्या कोलिऊर या कोळ्यांच्या गावी राहिले होते. तिथल्या लखलखीत उन्हात काळी सावली त्यांना खोटी वाटू लागली. मग सावली निळी झाली, हिरवी झाली, आणि उजेड दाखवायचं काम रंगांच्या शेजारावर सोपवलं गेलं. लालाशेजारी हिरवा ठेवला की दोघंही जास्त तळपतात, हे रसायनशास्त्रज्ञ शेव्रलनं १८३९ मध्येच मांडून ठेवलं होतं. हिरव्यागार बांधावरून लाल शिंगांची जोडी जाताना ज्यानं पाहिली आहे, त्याला शेव्रल वेगळा शिकवावा लागत नाही. आणखी एक नातं आहे. युरोपी चित्रकारांच्या पेटीतला व्हर्मिलियन म्हणजे मुळात हिंगूळच: पारा आणि गंधक.

चळवळ म्हणून हा प्रकार १९०८ च्या आसपास ओसरला. रंगाला मिळालेली मोकळीक मात्र टिकली, आणि फिरत फिरत मुंबईला पोचली.

ती आणणाऱ्यांपैकी एक होता वाल्टर लँगहॅमर. नाझींच्या छायेतून निसटून हा व्हिएन्नाचा चित्रकार १९३८ मध्ये मुंबईत आला आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कला संचालक झाला. नेपियन सी रोडवरच्या त्याच्या घरी तरुण चित्रकार जमत. त्याच्या चित्रांतला धगधगता रंग त्यांच्या डोळ्यांत भरला. जे. जे. स्कूलमधलं जपून छटा उतरवण्याचं शिक्षण एकीकडे आणि हे असं सरळ नळीतून आलेलं पिवळं एकीकडे!

या तरुणांत कृष्णाजी हौळाजी आरा होता. जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे निजामाच्या मुलखातला. माजलगावचा बीड जिल्हाही तेव्हा त्याच मुलखात होता. आई लहानपणीच गेली, आणि पोरवयातच आरानं मुंबई गाठली. घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण जवळपास नाहीच. १९४२ मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं.

डिसेंबर १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्यात साळगावचा सोझा, पंढरपूरला जन्मलेला आणि सिनेमाची पोस्टरं रंगवून हात बसलेला हुसेन, रझा, शिल्पकार बाकरे आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा हरी अंबादास गाडे होते. गाडे विज्ञानाचा पदवीधर, पण निसर्गचित्रात उतरला की घरं, झाडं, डोंगर यांचे नुसते रंगांचे तुकडे करायचा. या सगळ्यांबरोबर आरा.

त्यांच्यावर लिहिताना हुसेन, रझा, सोझा यांच्यावरच पानं भरतात. हा आरावर अन्याय आहे. त्याची फुलदाणी पाहावी. पाण्यात मिसळायचेच रंग, पण तेलरंगासारखे जाड, थरावर थर दिलेले. फुलांची पाकळी न् पाकळी काढायच्या फंदात तो पडत नाही; लालाचा एक गोळा ठेवतो, त्याला हिरवा टेकवतो, आणि फूल होतं. मातीसची आठवण येते, पण हात उसना वाटत नाही.

जुलै १९४९ मध्ये ग्रुपचं प्रदर्शन मुंबईत भरलं. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केलं. त्याच वर्षी सोझा लंडनला गेला, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. आरा मुंबईतच राहिला आणि १९८५ मध्ये तिथेच गेला. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्याची चित्रं आहेत. त्यातलं एखादं मांडलेलं दिसलंच, तर आधी अगदी जवळून त्या रंगाची जाडी पाहावी, मग चार पावलं मागे यावं.