थोड्या औषधाचे अर्थशास्त्र

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गौरवर्णीयांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, तो बराच आढळतो. आपल्याकडे तो विरळा. तरीही त्याच्या उपचारांचा अलीकडचा इतिहास आपल्या धोरणकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे.

2011 पूर्वी हा रोग शरीरभर पसरला की रुग्ण बहुधा वर्षही काढीत नसे. त्या वर्षी शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील बंधन सैल करणारे इपिलिमुमॅब आले. 2014 मध्ये निव्होलुमॅब आले. त्यांमागील मूलभूत संशोधनाबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकु होंजो यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही दोन्ही औषधे एकत्र घेतलेल्यांपैकी 43 टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात राहतात, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले.

परंतु औषध सापडले की काम संपत नाही. ते किती व केव्हा द्यावे हे ठरविण्यास शेकडो रुग्ण लागतात, आणि ते एका रुग्णालयात मिळत नाहीत. म्हणून नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया येथील संस्थांनी इतर देशांतील रुग्णालयांना बरोबर घेऊन 423 रुग्णांवर ‘नादिना’ ही चाचणी केली. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर निव्होलुमॅब देण्याऐवजी शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही औषधांच्या दोन मात्रा दिल्या. 2024 च्या निष्कर्षांनुसार, वर्षभर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण त्यामुळे 57 वरून 84 टक्क्यांवर गेले. तीव्र दुष्परिणाम अधिक झाले हे खरे. पण निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढे औषध देण्याची गरजच उरली नाही.

या चाचणीला औषध कंपनीचेही साहाय्य होते. तथापि, कमी औषधात भागेल काय, हा प्रश्न विक्रेत्याने आपण होऊन विचारावा अशी अपेक्षा बाजारपेठेकडून करता येत नाही. तो ग्राहकाच्या वतीनेच विचारावा लागतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तो विचारला. डोके व मान यांच्या असाध्य कर्करोगात, नेहमीच्या 240 मिलिग्रॅमऐवजी अवघे 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देण्यात आले. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगलेले 16 टक्के होते. ही अल्प मात्रा मिळालेल्यांत ते 43 टक्के झाले. 2022 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेलॅनोमासाठी आलेले औषध तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या रुग्णांच्या आवाक्याजवळ आले ते असे.

ज्ञान वाटल्याने घटत नाही, म्हणूनच ते निर्माण करण्याचा खर्च उचलण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. अल्पमात्रेच्या चाचणीतून कोणाला नफा होत नसला, तरी सरकारी तिजोरीचे व रुग्णाच्या कुटुंबाचे पैसे वाचतात. देशातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ 2012 पासून उभे आहे. त्याच्यामार्फत अशा चाचण्यांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद व्हावयास हवी. हा खर्च दानधर्म नव्हे. ती शहाण्या ग्राहकाची काटकसर आहे.