मुक्तीचा छापखाना

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी छापखाना सुरू केला, तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला बसल्या त्या दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि घरातून हाकललेल्या विधवा. त्यांतल्या कितीतरी जणींना मुक्तीत येईपर्यंत अक्षरओळखही नव्हती.

खिळ्यांचा छापखाना आता पाहायला मिळत नाही, म्हणून ते काम काय होतं हे थोडं सांगायला हवं. इंग्रजी जुळवणाऱ्याचं थोड्या खणांत भागतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून कितीतरी जास्त खण लागतात, आणि कोणता खिळा कुठे आहे हे हाताला पाठ असावं लागतं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळीत बसवायचा. शिशाचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे ओळही तशीच वाचायची सवय करावी लागते. ओळ सैल राहिली तर छापताना खिळे हलतात, म्हणून शब्दांमध्ये कोरे तुकडे भरून ती घट्ट करायची. प्रूफ काढून चुका सुधारायच्या, आणि छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. तिथे एक चूक झाली की पुढच्या छपाईत ‘घर’चं ‘धर’ होतं. जुळवणी, छपाई, घड्या, बांधणी ही सगळी कामं मुक्तीतल्या बायका आणि मुली करत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात बाईच्या हातात पुस्तक दिसणं ही अजून बातमी होती. इथे बायका पुस्तक बनवत होत्या.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कामधंद्यासाठी येऊन स्थिरावलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्या मंडळ्यांत रमाबाईंचं नाव निघालं की मुक्तीतलं १९०५चं संजीवन (आध्यात्मिक जागृती) आठवतं, रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना आठवतात. ते खरंच आहे, आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण पहिल्या पाळीला जाणाऱ्या आणि मशीनवर उभं राहून घर चालवणाऱ्या माणसाला मुक्तीचा दुसरा अर्धा भाग जास्त जवळचा वाटायला हवा. तिथे प्रार्थनेनंतर घंटा व्हायची आणि सगळ्या कामाला लागायच्या. शेत, विहिरी, गोठा, माग, शिवणकाम, छापखाना. विश्वास खरा की नुसता बोलण्यातला, हे रमाबाई याच कामांवरून जोखत असाव्यात असं मला वाटतं.

विश्वास आणि काम यांच्या या सांगडीचं मूळ शोधायचं तर १८८३ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. रमाबाई ही अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पुराण सांगत ती देशभर पायी फिरली. कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन ती इंग्लंडला गेली. तिथल्या अँग्लिकन भगिनींनी तिला लंडनमधल्या फुलहॅमचं एक घर दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. हे कशाच्या बळावर करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री आणि तिच्याशी बोलणारा येशू. आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः सांगितला आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे सिद्धान्ताच्या आधी त्यांना एक घर दिसलं. पुढे १८९९च्या सुमारास केडगावला त्यांनी तसंच घर बांधलं आणि त्याला कृपासदन हे नाव दिलं. फसवल्या गेलेल्या, कुठेच थारा नसलेल्या बायकांसाठी ते होतं. कृपा हा विषय उपदेशात पुष्कळदा येतो, पण दाराशी आलेल्या बाईला तिचा पूर्वेतिहास न विचारता आत घेणं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हाती काम देणं हे कृपेचं सगळ्यात अवघड रूप आहे. बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्यावरून नाव दिलेल्या बार्तीमी सदनात दृष्टिहीन मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत.

केडगावची सुमारे शंभर एकर जमीन मुळात शारदा सदन या रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेच्या खर्चासाठी फळबाग लावावी म्हणून घेतलेली होती. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुली केडगावला गेल्या आणि तिथे वस्तीच उभी राहिली. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ती दोन हजारांच्या घरात पोचली. स्वतः उपाशी राहिलेली बाई हे करत होती, हे विसरून मुक्तीचा हिशेब मांडता येत नाही.

रमाबाईंवरचा धर्मांतराचा आरोप मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं, ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या शब्दावर. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ साली सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की माझ्या खोलीचं दार मी बंद करणार नाही. माझ्या मते त्या प्रामाणिक होत्या, आणि रानड्यांची अस्वस्थताही प्रामाणिक होती. पोरक्या मुलीवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा भार पडतोच. याच सदनातली विधवा गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि हिंदूच राहिली, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. इंग्लंडमधल्या भगिनींपुढेही रमाबाई वाकल्या नव्हत्या. चर्चचा अधिकार म्हणून काहीही मान्य करायला त्यांनी नकार दिला आणि त्यावरून वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला.

छापखान्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बायबल. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत ते असावं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतराला बसल्या. या कामात त्यांची अखेरची पंधरा-सतरा वर्षं गेली. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा, तीच गेली. त्यानंतरही प्रुफं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली संपूर्ण बायबल मुक्तीतून छापून बाहेर पडलं.

उपासनेत मात्र या भाषांतराला जागा मिळाली नाही. मंडळ्यांमध्ये वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. मुळाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी रमाबाईंची वाक्यं कुठे कुठे अडखळतात हे खरं, पण तेवढ्यावरून ते कपाटात बंद राहावं हे मला पटत नाही. मुक्ती मिशन आजही चालू आहे, निराधार मुली आणि बायका आजही तिथे राहतात. चिंचवडहून लोकलने पुणे आणि तिथून दौंडच्या गाडीने केडगाव, एवढंच अंतर आहे. आपल्या मंडळ्यांच्या तरुण संघांनी एखाद्या रविवारी तिथे जावं, आणि परत आल्यावर योहानाचा चौथा अध्याय रमाबाईंच्या भाषांतरातून मोठ्याने वाचावा.