आजारपणाचा खर्च: दान, वर्गणी आणि विमा

आजारपणाचा मोठा खर्च एकट्या कुटुंबाला पेलवत नाही. तो अनेकांनी मिळून उचलण्याचे तीन मार्ग आहेत: धर्मादाय मदत, परस्पर वर्गणी आणि विमा. मात्र रुग्णाला मिळणारा हक्क तिन्हींत सारखा नसतो.

जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण होय. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेला ‘जयपूर फूट’ गरजूंपर्यंत पोहोचावा, यासाठी डी. आर. मेहता यांनी १९७५ साली ही संस्था स्थापन केली. नाव तीर्थंकरांचे असले, तरी कृत्रिम पाय सर्वधर्मीयांना विनामूल्य बसवला जातो. परंतु येथे देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा असतो.

परस्पर वर्गणीत देणारा व घेणारा एकच असतो. वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने अशी योजना राबवली. सुगीनंतर गावकरी ऐपतीप्रमाणे ज्वारी देत आणि त्याबदल्यात रुग्णालयात सवलतीने उपचार मिळत.

अमेरिकेत ख्रिस्ती समुदायांचे खर्च-वाटणी गट आहेत. सभासद दरमहा ठरावीक रक्कम देतात व त्यातून एकमेकांची बिले भागवतात. २०१० च्या आरोग्य कायद्याने, १९९९ पासून अखंड कार्यरत असलेल्या गटांच्या सभासदांना विमासक्तीतून सूट दिली. मात्र हे गट बिल भरण्याची कायदेशीर हमी देत नाहीत. पूर्वीच्या आजारांवर अनेकदा मर्यादा असतात.

विम्याचे वेगळेपण या हमीतच आहे. आपल्याकडे विमा अधिनियम, १९३८ नुसार नोंदणीशिवाय विमा व्यवसाय करता येत नाही. दावा नाकारला गेल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. राजस्थानात २०२१ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री चिरंजीवी योजनेत गरीब कुटुंबांचा हप्ता शासनाने भरला, तर इतरांना वार्षिक ८५० रुपयांत सहभागी होता आले. २०२४ मध्ये तिचे नाव ‘मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना’ झाले.

समाजाच्या वा धर्मसंस्थेच्या वैद्यकीय निधीत वर्गणी भरण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. नियम लेखी आहेत का? मदतीची कमाल मर्यादा किती? जुने आजार वगळले आहेत का? हिशेब दरवर्षी तपासले जातात का? समाधानकारक उत्तरे मिळाली, तरी असा निधी विम्याला पूरक मानावा. त्याच्या भरवशावर विमा सोडू नये. एकाच वर्षी अनेक सभासद गंभीर आजारी पडले, तर लहान निधी पुरा पडत नाही.