चार अठ्ठेचाळीसची गाडी आणि तीस वर्षांचा वाद

समुद्राला अगदी खेटून असलेले एक लहानसे रेल्वे स्थानक. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या गाडीने आपण जाणार आहोत, मन बदलले तर तोपर्यंत स्थानकावर ये, असे तिने त्याला सांगितलेले. तो धावतपळत येतो. गाडीला अजून अवकाश असतो, पण फलाटावर ती नसते. चौकशी करता कळते, की ती आधीच्या, चार तेहतीसच्या गाडीने निघून गेली. फलाटाच्या कठड्याला एक रुमाल बांधलेला असतो आणि त्यावर निरोपाचे दोन शब्द असतात.

जपानमधील फुजी टेलिव्हिजनवर १९९१ साली प्रसारित झालेल्या 'टोकियो लव्ह स्टोरी' या मालिकेच्या शेवटच्या भागातील हा प्रसंग. ७ जानेवारी ते १८ मार्च १९९१ या काळात दर सोमवारी रात्री नऊ वाजता ही मालिका दाखवली गेली. भाग अवघे अकरा. एकाच प्रेमत्रिकोणाला वर्षानुवर्षे पाणी घालून वाढवणाऱ्या आपल्याकडील मालिकांच्या प्रेक्षकाला हा आकडा वाचून हेवा वाटावा. पहिल्या भागाला टोकियो परिसरात २०.७ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली होती, ती शेवटच्या भागापर्यंत ३२.३ टक्क्यांवर गेली. सोमवारी रात्री नऊ वाजता कार्यालयात काम करणाऱ्या तरुणी रस्त्यावर दिसेनाशा होतात, असे तेव्हा बोलले जाई. मात्र या मालिकेचे खरे वैशिष्ट्य तिच्या लोकप्रियतेत नाही, तर तिच्याविषयीच्या मतभेदांत आहे. नायकाने योग्य मुलीची निवड केली का, या एका प्रश्नावर जपानी प्रेक्षक तीन दशकांहून अधिक काळ वाद घालत आले आहेत.

कथा साधी आहे. एहिमे या प्रांतातून कान्जी नागाओ हा तरुण नोकरीसाठी टोकियोला येतो. क्रीडासाहित्याच्या कंपनीतील त्याची सहकारी रिका आकाना त्याला विमानतळावर घ्यायला येते आणि लवकरच त्याच्या प्रेमात पडते. कान्जीचे मन मात्र शाळेतील मैत्रीण साटोमी सेकिगुची हिच्यात गुंतलेले असते. साटोमी टोकियोत बालवाडीची शिक्षिका असते आणि तिचा ओढा असतो तिसऱ्याच वर्गमित्राकडे. तो म्हणजे केनइची मिकामी, वैद्यकीय शाखेचा देखणा पण चंचल विद्यार्थी. कान्जी आणि रिका एकत्र येतात खरे, परंतु मिकामीकडून दुखावलेली साटोमी पुनःपुन्हा कान्जीच्या दाराशी येत राहते. अखेर कान्जी साटोमीशी लग्न करतो. तीन वर्षांनी टोकियोच्या रस्त्यावर त्याची आणि रिकाची योगायोगाने गाठ पडते, दोघे थोडे बोलतात आणि आपापल्या वाटेने जातात. एवढेच.

मग एवढे वादळ कशाचे? त्याचे उत्तर रिका या व्यक्तिरेखेत आहे. स्त्री-पुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा जपानमध्ये १९८६ साली अमलात आला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत छोट्या पडद्यावर अशी एक मुलगी आली, जी पुरुषांच्या बरोबरीने काम करते, मोठ्याने हसते, आवडलेल्या पुरुषाला आवडतोस म्हणून सांगते आणि शारीरिक जवळीक हवी असल्याचेही स्वतःच्या तोंडाने बोलते. परदेशात वाढल्यामुळे ती अशी आहे, अशी पळवाट कथेने ठेवली आहे. तरीही रिकाच्या त्या उघड मागणीने त्या वेळी मोठी खळबळ उडाली आणि जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासात तो संवाद आजही आठवला जातो.

तिच्या मोकळेपणाची एक खूण मालिकाभर ऐकू येते. जपानी कार्यालयात सहकाऱ्याला आडनावाने आणि 'सान' हा आदरार्थी प्रत्यय जोडून हाक मारण्याची रीत. रिका मात्र कान्जीला सरळ 'कान्ची' म्हणते. त्याचे नाव ज्या चित्रलिपीत लिहिले जाते, तीच अक्षरे 'कान्ची' अशी वाचली तर त्याचा अर्थ होतो 'आजारातून पूर्ण बरा झालेला'. ही गंमत जपानी प्रेक्षकाला आपोआप कळते. परकीय प्रेक्षकापर्यंत ती पोहोचत नाही.

प्रेक्षकांचा पहिला कौल निःसंदिग्ध होता. तो रिकाच्या बाजूचा होता. होनामी सुझुकी या अभिनेत्रीने साकारलेली रिका तरुणींचा आदर्श ठरली आणि साटोमीच्या वाट्याला तिरस्कार आला. त्यातही एक प्रसंग कुप्रसिद्ध झाला. कान्जी रिकाला भेटायला निघालेला असतो. तेवढ्यात साटोमी स्वतः शिजवलेले 'ओदेन' घेऊन त्याच्या घरी येते आणि जाऊ नकोस म्हणते. ओदेन म्हणजे मुळा, उकडलेली अंडी, माशाच्या वड्या वगैरे रश्शात मंद आचेवर मुरवलेला हिवाळ्यातील घरगुती पदार्थ. इकडे तो डबा उघडतो आणि तिकडे रिका वाट पाहत उभी राहते. एका साध्या पदार्थाला प्रेक्षकांच्या रागाचे प्रतीक होण्याचा मान क्वचितच मिळाला असेल. साटोमीची भूमिका करणाऱ्या नारिमी आरिमोरी हिला पडद्याबाहेरही हा रोष सोसावा लागला आणि पुढे मुलाखतींतून तिने त्याविषयी सांगितलेही आहे.

येथे थोडे थांबावेसे वाटते. दाराशी ओदेन घेऊन आली ती साटोमी, हे खरे. पण दार उघडले ते कान्जीने. भेटीचा शब्द दिला होता तोही त्यानेच आणि मोडला तोही त्यानेच. असे असताना संतापाचा मोठा वाटा एका स्त्रीच्या पदरी पडला आणि युजी ओदा या अभिनेत्याने रंगवलेला कान्जी 'भिडस्त, पण मनाने चांगला' म्हणून बऱ्याच अंशी सुटला. प्रेक्षकांच्या मतांचा अभ्यास करताना त्यांनी कोणाला दोष दिला एवढेच नव्हे, तर कोणाला दिला नाही, हेही पाहावे लागते. आपल्याकडील मालिकांतील 'दुसऱ्या बाई'चा अनुभव याहून फार निराळा नाही.

काळ गेला तसा कौल बदलू लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये फुजी टेलिव्हिजनने टोकियो परिसरात दुपारच्या वेळी मालिकेचे पुनःप्रसारण केले. निमित्त होते 'सूट्स' या नव्या मालिकेचे. तीत ओदा आणि सुझुकी ही जोडी २७ वर्षांनी एकत्र येणार होती. विशीत असताना रिकासाठी रडलेल्या अनेकींनी आता चाळिशी-पन्नाशीत ती पुन्हा पाहिली आणि काहींना स्वतःचेच मत अनोळखी वाटले. रिकाचे प्रेम आता त्यांना 'जड' वाटू लागले. जपानी बोलीत हा शब्द समोरच्याला पेलवणार नाही इतक्या ओझ्याच्या प्रेमासाठी वापरतात. मध्यरात्री बोलावणे, अचानक दिसेनासे होणे, आपल्याला शोधून काढण्याची परीक्षा घेणे या गोष्टी तरुणपणी उत्कट वाटल्या होत्या, त्याच आता दमवणाऱ्या वाटल्या. नव्या शहरात गोंधळलेल्या, पहिल्या नोकरीत धडपडणाऱ्या मुलाने आपल्या गावची, ओळखीची, शांत मुलगी निवडली यात नवल ते काय, असा सूर निघाला. उलट बाजूही तितकीच ठाम होती. कान्जीने साटोमीला निवडले नाही, तो फक्त रिकाला घाबरला, असे मानणाऱ्यांनी आपला हेका सोडला नाही.

आणखी एक वर्ग आहे तो केवळ दूरध्वनीविषयी बोलणाऱ्यांचा. त्यांची टिप्पणी गमतीची असली तरी वरवरची नाही. १९९१ मध्ये या चौघांच्या हाती भ्रमणध्वनी नाही. सार्वजनिक दूरध्वनीच्या खोक्यात उभे राहायचे, पलीकडे घंटा वाजत राहते ती ऐकायची, ठरलेल्या जागी तासन् तास थांबायचे. मालिकेतील निम्मे दुःख या चुकामुकींतून जन्मते. २०२० मध्ये याच कथेची नवी आवृत्ती आली. केंतारो इतो आणि शिझुका इशिबाशी हे तिचे कलाकार. ती समकालीन टोकियोत घडते आणि पात्रांजवळ स्मार्टफोन आहेत. तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला, की निरोप क्षणात पोहोचत असेल तर रिकाने ताटकळायचे कशासाठी? संदेश वाचूनही उत्तर न देणे ही आजच्या काळातील ताटकळच आहे, हे त्याला तरुणांचे उत्तर.

जपानबाहेर या मालिकेकडे निराळ्या नजरेने पाहिले गेले. १९९२ मध्ये स्टार टीव्हीच्या चिनी वाहिनीने ती दाखवली आणि तैवानमध्ये तिने मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला. त्याच सुमारास मुंबईच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून केबलचे जाळे पसरत होते आणि त्याच स्टार टीव्हीवर आपल्याकडची मंडळी 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' पाहत होती. एकाच उपग्रहकंपनीने आशियाच्या दोन टोकांना दोन वेगळी स्वप्ने पुरवली. कोइची इवाबुची या जपानी अभ्यासकाने तैवानच्या तरुण प्रेक्षकांशी बोलून २००२ च्या आपल्या पुस्तकात या आकर्षणाची चिकित्सा केली आहे. अमेरिकी मालिकांतील माणसे दूरची वाटतात, टोकियोतील ही माणसे मात्र आपल्यासारखी वाटतात, असा त्या प्रेक्षकांचा सूर होता. रिका त्यांना आवडली ती मनातले बोलून दाखवण्याच्या धैर्यासाठी. आपल्याला तसे वागता येईलच असे नाही, पण तसे वागणारी मुलगी आपल्यासारखी दिसते, आपल्यासारख्याच कार्यालयात जाते, हे त्यांना महत्त्वाचे वाटले.

कथेचे मूळ मात्र कान्जीच्या बाजूने लिहिलेले आहे. फुमी सैमोन यांच्या ज्या चित्रकथेवर ही मालिका बेतली, तिच्यात केंद्रस्थानी कान्जी आहे आणि रिका अधिक बेबंद. छोट्या पडद्यावर आणताना पटकथाकार युजी साकामोतो यांनी रिकाला मध्यभागी आणले. त्या वेळी साकामोतो अवघे २३ वर्षांचे होते. हेच साकामोतो पुढे हिरोकाझू कोरे-एदा यांच्या 'मॉन्स्टर' चित्रपटासाठी २०२३ मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट पटकथेच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. सैमोन यांनाही ही माणसे सोडता आली नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी पंचवीस वर्षांनंतरची, पन्नाशीतील कान्जी आणि रिकाची चित्रकथा लिहिली.

मालिकेच्या यशात काझुमासा ओदा यांच्या शीर्षकगीताचा वाटा मोठा होता. त्याच्या २५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. गिटारचे सुरुवातीचे एक-दोन स्वर ऐकताच त्या पिढीच्या डोळ्यांपुढे टोकियोचे रस्ते उभे राहतात.

पण वाद जिवंत ठेवला तो त्या पंधरा मिनिटांनी. रिका चार तेहतीसच्या गाडीने का गेली, हे मालिका शब्दांत सांगत नाही. तो येणार नाही अशी खात्री होती म्हणून गेली, की तो येईल या भीतीने गेली? तो आला असता तर दयेपोटी आला असता, असे तिला वाटले का? की आपण नाकारले गेलो नाही, आपणच निघालो, एवढे समाधान तिला हवे होते? त्याच दिवशी तिने कान्जीच्या जुन्या शाळेत जाऊन खांबावरील त्याच्या नावाशेजारी आपले नाव कोरलेले असते. एकीकडे अशी खूण ठेवायची आणि दुसरीकडे दिलेल्या वेळेआधीच निघायचे, यातील विसंगती साकामोतोंनी सोडवलेली नाही. गाडीत एकटी बसल्यावर तिचा बांध फुटतो, एवढेच कॅमेरा दाखवतो. मालिका संपली तेव्हा कान्जीवर चिडलेले आणि आज रिकावर वैतागणारे असे दोन्हीकडचे प्रेक्षक या रिकाम्या जागेत आपापले उत्तर भरतात. ते उत्तर बरेचदा त्यांच्या स्वतःच्या निवडींविषयी असते. प्रस्तुत प्रतिनिधीचे मत विचाराल तर ती भीतीने गेली. तो येईल, आणि आपण पुन्हा थांबू, ही ती भीती.

ते स्थानक काल्पनिक नाही. एहिमे प्रांतातील मात्सुयामा शहरात इयो रेल्वेच्या ताकाहामा मार्गावर बाइशिंजी नावाचे हे स्थानक आहे आणि त्याच्या फलाटावरून खरोखरच समुद्र दिसतो. मालिका संपल्यानंतर लोक तेथे येऊ लागले आणि फलाटाच्या त्याच कठड्याला रुमाल बांधून जाऊ लागले. त्यावर कुणी नावे लिहितात, कुणी तारीख, तर कुणी काहीच लिहीत नाही.