खोलीत बसून भरलेले फॉर्म

सिंदी मेघेपासून सावंगीचे मेडिकल कॉलेज जवळ आहे, सेवाग्रामचेही फार लांब नाही. हातात फॉर्म घेऊन दारात उभे राहणारे विद्यार्थी आम्हाला नवे नाहीत. आता आपल्या घरांतल्या मुलीही एमडी, पीएच.डी. करू लागल्या आहेत; फॉर्म भरून देणारे आपण आणि भरून घेणारेही आपणच. म्हणून संशोधनातला प्रामाणिकपणा मुलांना कसा शिकवतात, हे घरच्यांनीही जाणून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये नियम केला. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालते, 60 च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. 2019 च्या डिसेंबरात पीएच.डी.साठी या विषयाचा 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. चांगलेच झाले, पण मुलांना नीतिमत्ता म्हणजे टक्केवारी वाटू लागली. शब्द फिरवून टक्के उतरवून देणारेही भेटतात.

शब्दांची उचल निदान सापडते. 2007 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर समितीच्या पेटंटविषयक अहवालात शमनाद बशीर यांच्या लेखातला मजकूर जसाच्या तसा आढळला, तेव्हा डॉ. माशेलकरांनी अहवाल मागे घेतला. पण वीस घरांचे फॉर्म खोलीत बसून, पेन बदलून बदलून भरले, तर कुठले सॉफ्टवेअर पकडणार? बंद दार भर उन्हात तिसऱ्यांदा ठोठावण्यापेक्षा रकाना अंदाजाने भरणे किती सोपे, हे जनगणनेला जाणाऱ्या आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको. अशा फॉर्मांत वस्तीतला रक्तक्षय कमी दिसला, तर लोहाच्या गोळ्याही कमीच येतील.

आमच्या मते मार्गदर्शकाने मूळ वही मागावी आणि वीसपैकी दोन घरी स्वतः जाऊन यावे. सेवाग्रामला एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, शिबिरासाठी तिथे राहते, त्याच कुटुंबांना पुन्हा भेटते. ज्या खालाला पुढच्या महिन्यात भेटायचे आहे, तिच्या नावावर खोटा आकडा लिहिताना हात कचरतो.

खालालाही हक्क आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती तिला समजेल त्या भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर अंगठ्याच्या वेळी तटस्थ साक्षीदार हवा. ती नकार देऊ शकते, मध्येच बाहेर पडू शकते; त्यामुळे तिचे उपचार थांबत नाहीत. दिलेली माहिती ही अमानत आहे.

राहिला घरचा तगादा. थिसिस कधी संपणार, निकाहची तारीख कधी धरायची, हे आपण दर आठवड्याला विचारतो. प्रयोगातून अपेक्षित उत्तर आले नाही तर तेही प्रबंधात लिहिता येते, फक्त कधी कधी सहा महिने जास्त लागतात. अब्बांना हे आधीच माहीत असेल, तर ते सहा महिने मागायला मुलीला संकोच वाटणार नाही.