तोल आपला, तोल दोघांचा

सोलापुरातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात, एका नागपंचमीला, मी आणि माझी मैत्रीण फुगडी खेळत होतो. वेग वाढला, मी घाबरले आणि एकदम हात सोडवून घेतले. मी ओट्याला टेकून सावरले. ती फरशीवर आदळली, मनगट मोडलं. तेव्हापासून कुणाचा हात धरायचा तर घट्टच, एवढा धडा मी घेतला. तो अर्धाच होता, हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. कळलं तेही बॉलरूम नृत्याच्या वर्गात.

आधी फुगडीची रचना पाहू. हातांची अढी घालायची, चवडे जवळ आणायचे आणि कोपर सरळ ठेवून मागे रेलायचं. त्या क्षणी कुणाचाच गुरुत्वमध्य स्वतःच्या पावलांवर नसतो; दोघींचा मिळून जो असतो, तो चार पावलांच्या मधोमध येतो. म्हणून एकीने हात सोडला की दुसरी पडणारच. वजनं असमान असली तरी चालतं: जड असेल तिने कमी रेलायचं, हलकीने जास्त. कोपर वाकवले तर दंडाच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं आणि ते थकतात. नजर समोरच्या चेहऱ्यावर ठेवली तर चक्कर कमी येते, कारण गरगरणाऱ्या अंगणात तेवढाच चेहरा स्थिर दिसतो.

ही सवय घेऊन मी यांच्याबरोबर वॉल्ट्झ शिकायला गेले. लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेने १९२४ साली बॉलरूमची शाखा काढली आणि या नृत्यांच्या तंत्राला शिस्त आणली. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, पहिलीवर जोर. पुरुषाचा उजवा तळवा स्त्रीच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, उरलेले दोन हात बाजूला एकमेकांत. दोघं अगदी समोरासमोर नसतात. प्रत्येक जण किंचित डावीकडे सरकलेला असतो, म्हणजे पावलांना वाट मिळते. पहिल्याच आठवड्यात हे म्हणाले, "अगं, दंड भरून आला माझा. लोंबकळतेस काय?"

खरंच लोंबकळत होते! वॉल्ट्झचा नियम फुगडीच्या उलट आहे. इथे प्रत्येकाने आपलं वजन आपल्याच पावलांवर पेलायचं. हातांची चौकट आधारासाठी नसते, निरोपासाठी असते. पाऊल उचलण्याआधी पुरुषाची छाती सरकते. चौकट शाबूत असेल तर ते सरकणं पाठीवरच्या तळव्यातून स्त्रीला कळतं. हात ढिले पडले तर निरोप वाटेत विरतो, ताठरले तर त्याचा धक्का होतो. रुंबासारख्या लॅटिन नृत्यात कित्येकदा एकाच हाताचा संबंध उरतो, आणि कंबरेची ती प्रसिद्ध हालचाल मुद्दाम करायची नसते. सरळ केलेल्या पायावर पूर्ण वजन आलं की ती आपोआप घडते.

आपलं वजन आपण पेलणं म्हणजे काय, ते मला जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेत दिसलं. ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला भक्त ती उंच काठी पेलतो तेव्हा नुसत्या मनगटाच्या जोरावर ती उभी राहत नाही. उंच काठी आखडीपेक्षा सावकाश कलते. तेवढ्या उसंतीत पेलणारा स्वतः तिच्याखाली सरकतो. शरीराचंही तसंच: डोकं, छाती, कंबर एकावर एक, आणि खाली टेकलेलं पाऊल. वर्गातली आमची परीक्षा हीच होती. मध्येच हात सोडले तरी दोघांनी उभं राहिलं पाहिजे.

यंदाच्या पंचमीला त्याच मैत्रिणीने माझ्यापुढे हात केले. या वयात चार फेरेच, तेही हळू. या वेळी माझं लक्ष थांबण्याकडे होतं. वेग उतरवत आम्ही दोघी आपापल्या पावलांवर सरळ आलो, मगच हात सुटले. लहानपणी माझं चुकलं ते इथेच. हात सोडण्याआधी मी तिला तिच्या पावलांवर येऊ दिलं नव्हतं.

तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकायला वॉल्ट्झ कशाला? आईने तेव्हाच सांगितलं होतं, तू ऐकलंस कुठं!"