कण्हण्यात दडलेली युक्ती

सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ दर श्वासाला 'अं... अं...' करत कण्हतं. घरातली म्हातारी म्हणते, पोट दुखत असेल. पण त्या क्षणी ते एवढंसं बाळ स्वतःवर उपचार करत असतं!

म्हणजे कसं? ओली प्लास्टिकची पिशवी उघडून पाहा, तिच्या भिंती एकमेकींना चिकटून बसतात. आपल्या फुप्फुसातल्या कोट्यवधी इवल्या फुग्यांनाही आतून पाण्याचा पातळ थर असतो. मग दर श्वासाला ते चिकटून का बसत नाहीत? कारण फुप्फुस स्वतःच साबणासारखा एक पदार्थ बनवतं, सर्फॅक्टंट. तो पाण्याची ओढ कमी करतो. पोटात साधारण चौतीस-पस्तीस आठवडे भरले की तो पुरेसा साठतो. बाळ त्याआधीच आलं, तर श्वास सोडताच फुगे मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पहिल्यापासून फुगवावे लागतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते आठवतं? या बाळाची प्रत्येक फुंकर पहिलीच.

या बाळांच्या फुप्फुसात हा 'साबण' कमी असतो, हे संशोधक मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी 1959 साली दाखवलं. तरी उपाय हाती नव्हता. 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला.

आता कण्हण्याकडे या. बाळ श्वास सोडताना घसा अर्धवट मिटतं, थोडी हवा आत कोंडून धरतं, म्हणजे फुगे पूर्ण मिटत नाहीत. त्याला हे कुणी शिकवलं? डॉक्टर जॉर्ज ग्रेगरी यांनी 1971 मध्ये बाळाचीच ही युक्ती यंत्रात उतरवली. त्याचं सर्वांत साधं रूप तर थक्क करतं. बाळाच्या नाकात हवेची नळी, आणि हवा बाहेर पडणाऱ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेलं. जेवढी खोली तेवढा दाब, पट्टीने मोजा! बुडबुडे येत राहतात आणि बाळाला कण्हावं लागत नाही.

त्याहून नवलाची गोष्ट न्यूझीलंडच्या मेंढ्यांची. तिथले डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशी सुरू होते ते शोधत होते. पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर ती इतक्या लवकर जन्मली की जगणं शक्यच नव्हतं, तरी ती श्वास घेत होती! औषधाने फुप्फुसं आधीच तयार केली होती. म्हणून आज दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी. मेळघाटातल्या सेमाडोहसारख्या आडगावी मला हाच उपाय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बाटली आणि नळी घाटापलीकडे असते, पण पहिली सुई गावाजवळ नर्सच्या हातूनही मिळू शकते.

पण जन्मलेल्या बाळाचा श्वास धोक्यात आहे हे गावात ओळखायचं कसं? इथे गडचिरोली आठवते. तिथल्या डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी शाळा न पाहिलेल्या दायांसाठी न्यूमोनिया ओळखणारं मण्यांचं साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वासांना एक मणी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सहावा मणी लाल, म्हणजे साठ! साठपर्यंत मोजता येत नसलं तरी लाल रंग दिसतो.

आज मेळघाटातल्या कोरकू घरात आशाताई घड्याळ लावून बसते. बाळाचं फडकं छातीपुरतं बाजूला सारते. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का, तेही बघते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर चालणार नाही, कारण अशी बाळं मध्येच काही सेकंद थांबतात आणि मग भराभर श्वास घेतात. त्रेसष्ट. ती पुन्हा मोजते. चौसष्ट. मग बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून गोधडी गुंडाळते, कारण बाळ गारठलं तर त्याला श्वास आणखी जड जातो. आणि गाडी बोलावते.